तिसऱ्या गटातला सतरावा

चोवीस उंदीर, चार गट.
पहिल्याला नुसतं मिठाचं पाणी.
दुसऱ्याला कलौंजीचं तेल.
चौथ्याला तेल आणि जेंटामायसिन, दोन्ही.
आणि तिसऱ्याला
(वहीत मी तिसरा नेहमी शेवटी लिहायचे)
फक्त जेंटामायसिन.
किलोमागे शंभर मिलिग्रॅम, आठ दिवस, पोटात.

तबरीझमध्ये तेव्हा गुडघाभर बर्फ.
खाली तळघरात मात्र बारमाही बावीस अंश,
बारा तास उजेड, बारा तास अंधार.
मश्-यदुल्लाह पिंजरे धुवायचा, भुसा बदलायचा,
आणि उरलेल्या चार दातांत साखरेचा खडा धरून
त्यातून चहा ओढायचा.

"हे औषध माणसांना देतात ना?"
देतात. जीव वाचतो.
"मग?"
मग कधीकधी मूत्रपिंडं जातात.
"म्हणजे चोर सापडला, पण भिंत पाडून."
मी म्हटलं, ती भिंतच वाचवायचीय.
त्यानं तिसऱ्या गटाकडे पाहिलं.
"यांची?"
मी सिरिंजमधला बुडबुडा काढत राहिले.
बुडबुडा केव्हाच निघून गेला होता.

खुणेला पिक्रिक आम्लाचा पिवळा ठिपका:
तेराच्या डोक्यावर, चौदाच्या पाठीवर,
सतराच्या शेपटीच्या मुळाशी.
पाचव्या दिवसापासून तिसऱ्या गटाच्या बाटल्या
सकाळपर्यंत कोरड्या.
केस पिंजारलेले, वजनाचा काटा मागे मागे.
सतरा तेवढा जाळीवर चढून
माझ्या बाहीचा वास घ्यायचा,
सुई माझ्याच हातात असताना.

नवव्या दिवसाबद्दल वहीत एकच ओळ आहे,
गाढ भुलीबद्दलची.
तिच्यात मी आज भर घालणार नाही.
राजम्याच्या दाण्याएवढी ती मूत्रपिंडं,
एकेक जेमतेम ग्रॅमभर.
तिसऱ्या गटाची फिकट, फुगीर.
एक जोडी सोडून.

काचपट्ट्या महलका खानुमकडे गेल्या,
नावं झाकून, नुसते आकडे लावून.
कोण कुणाचं ते तिला कळू द्यायचं नाही,
या कामातलं इमान ते एवढंच.
जांभळ्या-गुलाबी रंगात ती तासन् तास वाचत बसली:
कडा झिजलेल्या नळ्या,
आत ओघळून पडलेल्या पेशी,
पोकळीत अडकलेले गुलाबी गठ्ठे.
चार, तीन, चार, चार.
मग एका पट्टीवर थांबून म्हणाली,
"ही शून्य. लेबल तर चुकलं नाही?"

लेबल बरोबर होतं.

संध्याकाळी यदुल्लाहनं स्वतःहून टोपी काढली.
"रोज एक तुकडा द्यायचो. माझ्या बरबरीतला.
बाकीचे यायचे नाहीत. हा यायचा.
मिशा हाताला लागायच्या, खानुम."
बरबरीवर तीळ असतात,
आणि मोजून पाच-सहा काळे दाणे:
कलौंजीचे.

रात्री मी गणित मांडलं.
ती काही मात्रा नव्हे,
मात्रेचा शंभरावा हिस्साही नव्हे.
कदाचित दोन दिवस माझी सुई आतड्यात गेली असेल.
कदाचित काही जीव मुळातच चिवट असतात.
कदाचित कुणीतरी रोज हाक मारतं, याचंही
रक्तात काही उतरत असेल;
ते मोजायचं यंत्र आमच्या विभागात नाही.

निबंधात तिसऱ्या गटात पाचच आहेत.
तळटीप माझी:
"आहारातील विचलनामुळे एक प्राणी वगळला."
चौथ्या गटाच्या नळ्या बऱ्याचशा शाबूत होत्या,
क्रिएटिनिन खाली होतं, फरक लक्षणीय होता.
हे खरं आहे, आणि उद्या कुणाच्या तरी
वॉर्डातल्या आईच्या उपयोगी पडो.
मी मनापासून म्हणते.
विचलन हा शब्दही मी मनापासूनच शोधला होता.

पुढचे चोवीस आले तेव्हा दारावर पाटी लागली:
आत खाद्यपदार्थ आणू नयेत. अक्षर माझंच.
यदुल्लाह आता बाहेर पायरीवर बसून जेवतो,
कानटोपी ओढून, पाठ दाराकडे.
जेवण झालं की फडकं बर्फावर झटकतो.
चिमण्या येतात.
त्या कुठल्याच गटात नाहीत.